रोमच्या वेशीवर धोतर

आम्ही अमेरिकेत प्लेनोला आलो त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी, सिद्धेशने, ह्यांच्या हातात दोन नव्या पँटी ठेवल्या. वॉकला जाताना धोतर नको, पोटऱ्या दिसतात, लोक बघतात, असं म्हणाला. समोरचा गोरा उघड्या मांड्यांनी लॉन कापतो, त्याचं मात्र कुणाला काही नाही. हे एकदाच पँट घालून बाहेर पडले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. त्यानंतर वॉक बंद. दिवसभर खिडकीजवळची खुर्ची, अर्धी झोप, अर्धी जाग. पाय सुजायला लागले. हा माणूस आता त्या खुर्चीतून उठायचाच नाही, अशी मला भीती वाटायची.

नात अनिका शाळेत लॅटिन शिकते. शनिवारी दुपारी ती पांढरी चादर घेऊन आली. शाळेत जुन्या रोमन लोकांसारखा टोगा नेसून जायचं होतं आणि नेसवण्यात आजोबांचा हात कोण धरणार? ह्यांनी उठून निऱ्या घातल्या आणि सवयीने कासोटा खोचायला निघाले.

"नो आबा, दॅट्स पँट्स!" अनिका खिदळली. मग मोडक्यातोडक्या मराठीत तिने सांगितलं, की रोमन लोक पाय उघडेच ठेवायचे. पँट म्हणजे रानटी लोकांचा पोशाख. पुढे तर रोम शहरात पँटवर बंदीच आली, घालणारा हद्दपार.

किती दिवसांनी हे हसले. कासोटा सोडून त्यांनी चादर तिच्या डाव्या खांद्यावरून टाकली.

अनिका गेली. चादरीचा पांढरेपणा खोलीभर रेंगाळल्यासारखा वाटत होता. हे पेंगले. सिद्धेश येऊन खुर्चीमागे उभा राहिला, तेवढ्यात हे डोळे मिटूनच बोलायला लागले.

"अगं, रोमला गेलो होतो. धोतर बघून मला वेशीतून आत घेतलं. सिद्धूला अडवलं. मान खाली घालून उभा होता पोरगा."

"मग?" मी विचारलं.

"म्हटलं, माझा मुलगा आहे. त्याला घेत नसाल तर मीही येत नाही."

सिद्धेश वर गेला. खाली आला तो हाफपँटमध्ये, हातात ह्यांचं इस्त्रीचं धोतर.

"चला बाबा, वॉकला."

मी खिडकीतून बघत राहिले. बापलेकांच्या पोटऱ्या अगदी सारख्या आहेत, हे इतक्या वर्षांत मला दिसलंच नव्हतं.