पाटी आधी कोण वाचतो

चष्मेवाल्याला लोक डॉक्टर म्हणायचे आणि तोही कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे. शहरात त्याचं चष्म्यांचं एक अरुंद दुकान होतं, आणि महिन्यातले चार दिवस तो आडवाटेच्या लहान गावांतून फिरायचा. जिथे डोळे तपासणारं कुणी फिरकतही नाही तिथे जाऊन नंबर काढायचा आणि पुढच्या महिन्यात चष्मे पोचवायचा. बारा वर्षं हे चाललं होतं, आणि बारा वर्षं गाडी चालवायला जाड्याच होता.

जाड्या त्याचा शाळेपासूनचा दोस्त. अंगाने निव्वळ काडी. हे नाव त्याला कुणी आणि कसलं तोंड बघून ठेवलं देव जाणे. तो चष्मेवाल्याला भिंग्या म्हणायचा, ते मात्र बरोबर होतं. भिंग्याच्या नाकावर दुसरीपासून बाटलीच्या बुडासारख्या काचा होत्या. गाडी शिकायला तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा भिंतीला भेटून आला. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. जाड्याच्या गाडीत तो निर्धास्त बसायचा.

वर्षभरापूर्वी जाड्यानेच एक खेळ काढला होता. रस्त्यावरची पाटी जो आधी वाचेल तो जिंकला. हरणाऱ्याने चहा पाजायचा. वळण असो, गतिरोधक असो, गावाचं नाव असो, भिंग्या लांबूनच मोठ्याने वाचून मोकळा व्हायचा. जाड्या हरायचा आणि हसत चहा पाजायचा. असल्या जाड काचा लावून आपण धडधाकट डोळ्यांच्या माणसाला हरवतो, याचा चष्मेवाल्याला फार अभिमान होता. बायकोलाही त्याने चारदा सांगून झालं होतं.

या खेपेला मात्र त्याचा घसा बसला होता. बोललं की कोंबडा आरवल्यासारखा आवाज निघायचा, म्हणून तो मफलर गुंडाळून गप्प बसला होता. जाड्या दोनतीनदा म्हणाला, आज काय मौनव्रत का, खेळायचं नाही का. चष्मेवाल्याने नुसतीच मान हलवली. दुपारचे तीन वाजले होते, ऊन लख्ख होतं, रस्ता सरळ होता. लांबवर पिवळी पाटी दिसली. पूल बंद, असं तिच्यावर माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. चष्मेवाल्याने ती वाचली आणि जाड्या आता वेग कमी करेल म्हणून स्वस्थ बसून राहिला.

वेग कमी झाला नाही.

पाटी बाजूने निघून गेली. पुढे दोन पिंपं आडवी ठेवली होती आणि त्यांच्या पलीकडे पुलाचा कठडा अर्ध्यावरच संपला होता. चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी जाड्याचा दंड धरला आणि ओढला. ब्रेक लागला, मागे चष्म्यांच्या पेट्या धडाधड कोसळल्या आणि गाडी एका पिंपाला टेकून थांबली. खाली नदी होती आणि नदीत पुलाचा उरलेला अर्धा भाग पडला होता.

जाड्याने कपाळ पुसलं. म्हणाला, बघितली होती रे पाटी, तू जागा आहेस का ते बघत होतो. आणि हसला. बारा वर्षांत चष्मेवाल्याला त्याचं हसणं पहिल्यांदा खोटं वाटलं.

आता पुढच्या गावाला जायचं तर घाटाने. भलता अरुंद घाट, एका अंगाला डोंगर आणि एका अंगाला काहीच नाही. चष्मेवाला जीव मुठीत धरून बसला होता आणि गेल्या वर्षातली एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात येऊन बसत होती. जाड्या हल्ली मान वाकडी करून बोलतो. मान आखडली असेल म्हणून आपण त्याला मलम आणून दिलं होतं. जाड्या हल्ली मोठ्या ट्रकच्या मागेच राहतो, पुढे काढत नाही. आपल्याला वाटलं, वयानुसार शहाणपण आलं. आणि तो खेळ, ते चहा. अरे देवा, म्हणजे वर्षभर पाट्या आपण याला वाचून दाखवत होतो.

पण मग मंगळवारी जाड्याने डोळे तपासायचा तक्ता कसा वाचला?

येत्या सोमवारपासून जाड्याला शाळेची गाडी चालवायचं काम मिळालं होतं. पगार ठरलेला, काम घराजवळ. ही त्यांची शेवटची फेरी होती. शाळेला डोळ्यांचा दाखला हवा होता आणि तो मंगळवारी चष्मेवाल्यानेच दिला होता. जाड्याने दोन्ही डोळ्यांनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली होती. तो दाखला आत्ता चष्मेवाल्याच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात होता, त्याच्या सहीशिक्क्यासकट. रोज बावीस मुलं त्या गाडीत बसणार होती.

थांब म्हणावं तर थांबायला जागा नव्हती. काही विचारावं तर हा गडबडला म्हणजे? समोरून एक लाकडांचा ट्रक आला. तेव्हा चष्मेवाल्याने मफलर सोडला आणि फाटक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पुढे डावं वळण. रस्ता खचलाय, उजवीकडे घे. समोर बैलगाडी आहे. तो सांगेल तसं जाड्या चाक फिरवत राहिला. घाट उतरेपर्यंत चष्मेवाल्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

गावात वाचनालयाची मागची खोली त्यांना मिळायची. बाहेर बाकावर लोक येऊन बसले होते. नेहमी तक्ता जाड्याच टांगायचा, आणि छडी घेऊन त्याच्या शेजारी उभा राहून अक्षरं दाखवायचाही तोच. आज तो तोंड धुवायला गेला तेवढ्यात चष्मेवाल्याने तक्ता स्वतः टांगला. पालथा. मागची पिवळट कोरी बाजू पुढे आली.

जाड्या आला तसा चष्मेवाला म्हणाला, बस जरा, लोकांना घ्यायच्या आधी तुझे डोळे पुन्हा एकदा बघू.

"परवाच झालंय की," जाड्या म्हणाला, पण बसला. डावा डोळा तळव्याने झाकून त्याने वाचायला सुरुवात केली. "र. ग, प. म, ल, क." एकही अक्षर चुकलं नाही. कोऱ्या कागदावरून त्याने सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग हात बदलून पुन्हा वाचल्या. बारा वर्षं गावोगाव छडी लावून जाड्याने तो तक्ता हजारो लोकांना दाखवला होता. तो त्याला पाठ असणार, हे जगात कुणाच्याही आधी चष्मेवाल्याला कळायला हवं होतं.

"जाड्या, तक्ता पालथा आहे."

जाड्या उठला. भिंतीपाशी गेला, नाक कागदाला लागेपर्यंत पुढे झाला आणि मान वाकडी करून त्यावरून तळवा फिरवला. मग परत येऊन बसला.

केव्हापासून, असं चष्मेवाल्याने विचारलं. गेल्या थंडीपासून, जाड्या म्हणाला. बरोबर मधोमध एक डाग आहे आणि तो वाढतोय. बाजूचं सगळं दिसतं, रस्त्याच्या कडा दिसतात. "तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही."

चष्मेवाल्याने पेटीतून एकेक काच काढून त्याच्या डोळ्यापुढे धरली. फरक आहे? नाही. आता? नाही. पेटी संपली. मधल्या डागाला चष्मा नसतो, हे त्याला पहिल्या काचेपासूनच ठाऊक होतं, पण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. त्याला संतापही आला होता. आपण आज नदीत गेलो असतो, तो म्हणाला. बावीस पोरं आहेत, तुला काही वाटलं नाही? मला सांगायला काय झालं होतं?

"मंगळवारी तुझ्या खुर्चीत बसलो तेव्हा मला वाटलं, आता हा ओळखेल," जाड्या म्हणाला. "तू मान खाली घालून फॉर्म भरत होतास. मी वाचत होतो आणि तू हं, हं म्हणत होतास. बाहेर आलो तर हातात दाखला. म्हटलं, हा डोळ्यांचा माणूस, हा ठीक म्हणतोय, तर असेन मी ठीक."

हे खरं होतं. परक्यांच्या डोळ्यांत चष्मेवाला अर्धा अर्धा तास टॉर्च धरून बसायचा, आणि दोस्ताच्या डोळ्यांकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नव्हतं. त्याला शरम वाटली, आणि शरमेहून जास्त भीती वाटली, कारण सही त्याची होती.

तो गाडीपाशी गेला, कप्प्यातून दाखला काढून आणला आणि जाड्याच्या समोर फाडला. जाड्याने आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. उद्या सकाळी मोठ्या इस्पितळात जायचं, शाळेला आपण दोघं मिळून सांगायचं, असं चष्मेवाला म्हणाला. बाकावरच्या लोकांना त्याने हात जोडून पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. गाडी वाचनालयाच्या अंगणात तशीच ठेवून तिला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

परतीची बस संध्याकाळी पाचला होती आणि जायची त्याच घाटाने. दोघं शेजारी बसले. बस पहिल्या वळणावर कलली तशी जाड्याने चष्मेवाल्याचं मनगट घट्ट पकडलं.

"चालवताना भीती नाही वाटायची?" चष्मेवाल्याने विचारलं.

"रोज वाटायची. तू वाचायला लागलास की कमी व्हायची."

पहिली पाटी आली. चष्मेवाला गप्प राहिला; आता वाचून उपयोग काय, गाडी दुसराच कुणी चालवत होता. पाटी मागे गेली तसं जाड्याने हळूच विचारलं, "आता एक गेली ना? काय होती?"

"पुढे तीव्र उतार," चष्मेवाला बसलेल्या घशाने म्हणाला. मग तो खिडकीकडे सरकून बसला आणि शहरापर्यंतची एकेक पाटी त्याला वाचून दाखवत राहिला.