निर्माल्यातली वाडी

सकाळी अंघोळ झाली की देवावरची कालची फुलं उतरवायची, ताजी वाहायची, दिवा लावायचा, अथर्वशीर्ष म्हणायचं आणि मग चहा. लग्न होऊन लालबागला आले तेव्हापासूनचा माझा हा नेम. यंदा आषाढात त्यात एक भर पडली. दिवा आणि चहा यांच्या मधे मी आमच्या वाडीची कॉपी काढू लागले.

आमच्या चाळीतले निम्मेअधिक लोक कोकणातल्या एकाच वाडीतले. गणपतीत चाळीचं मंडळ सोडून गावी जाववत नाही आणि गावची आठवण तर जात नाही. माझी सून आकांक्षा म्हणाली, यंदा देखाव्यात वाडीच उभी करू. तीसुद्धा कॉम्प्युटरवरच्या खेळात. त्या खेळात चौकोनी ठोकळे रचून घर, डोंगर, नदी, हवं ते बांधता येतं. मग मांडवात मोठा पडदा लावायचा आणि एसटीच्या थांब्यापासून रवळनाथाच्या देवळापर्यंत सगळ्यांना फिरवून आणायचं.

ऑफिसातून आली की ती बांधायला बसे, आणि चाळ तिच्या खुर्चीमागे उभी राहून सूचना करी. सगळ्यात मोठा आवाज समोरच्या जाईबाईंचा. "गो, माझ्या घराची पडवी खंय गेली?" पडवी झाली की माड हवा. माड झाला की गोठा.

एकदा लाईट गेली आणि केलेलं बरंच काम खेळाने गिळलं. तेव्हा आकांक्षाने कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम बसवला. खेळातल्या जगाची कॉपी काढून बाजूला ठेवायची, जग बिघडलं तर ती परत बसवायची, एवढंच त्याचं काम. आपोआप कॉपी काढायची सोयही त्यात होती, पण आमचं यंत्र जुनं. मधेच कॉपी सुरू झाली की खेळ जागच्या जागी अडकायचा.

"आई, मी रोज विसरते," ती म्हणाली. "तुमचा नेम कधी चुकत नाही. हा एक घ्याल?"

घेतला. बटण दाबायचं, हिरवी पट्टी भरत जायची, ती पूर्ण भरली की मनातल्या मनात हात जोडायचे. जग म्हणजे नेमकं काय असतं, त्यात शिरतात कसं, हे मी विचारलं नाही. नेमात फार प्रश्न विचारायचे नसतात.

हरतालिकेच्या सकाळी आकांक्षा घरीच होती. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, संध्याकाळी देखाव्याचं उद्घाटन. मी पत्री निवडत बसले होते, तेवढ्यात ती किंचाळली.

पडद्यावर वाडी नव्हतीच. काळी जमीन, दोन-चार जोती आणि मधोमध दीपमाळ, तिच्यातून लाल काहीतरी ओघळतंय.

"स्वप्नील!"

माझा मुलगा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला.

"काल तू बसला होतास ना इथे?"

"दीपमाळेत नुसतेच दगड दिसत होते गं. म्हटलं, खरी ज्योत लावू. मग आईने जेवायला हाक मारली."

"त्याला लाव्हा म्हणतात! लाकडाच्या घरांमधे लाव्हा ठेवून तू आमटी-भात खात होतास?"

"मला काय माहीत, खेळातलं लाकूडही पेटतं ते!"

"थांब. आईंनी कॉपी काढलीय." तिने प्रोग्राम उघडला. त्यात एकच कॉपी होती, आज सकाळची. म्हणजे जळून गेलेल्या वाडीची.

"आई, कालची कुठेय? आणि परवाची?"

"ती मी उतरवली गं," मी म्हटलं. "आजची ताजी ठेवलीय ना."

"उतरवली म्हणजे?"

"म्हणजे... शिळं फूल देवावर ठेवतात का?"

स्वप्नीलच्या गालावरचा फेस ओघळत होता. आकांक्षा मटकन खुर्चीत बसली, आणि तिचे भरलेले डोळे बघून मला कळलं की आपल्या नेमात काहीतरी चुकलं.

"रोज उतरवत होतात?"

"रोज. पडद्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायचे."

ती ताडकन ताठ झाली. "टोपली रिकामी केलीत?"

"अगं, निर्माल्य असं फेकून देतात का? ते यंत्र विचारायचं, कायमचं काढून टाकू का म्हणून. मी दर वेळी नाहीच म्हणायचे. म्हटलं, अनंत चतुर्दशीला तुला विचारून रीतसर विसर्जन करू."

आकांक्षाने टोपली उघडली. आषाढापासूनच्या सगळ्या वाड्या तिथे ओळीने बसलेल्या. ती हसता हसता रडायला लागली. स्वप्नीलने माझ्या पायांना हात लावला आणि माझ्या साडीला फेस पुसला. "आई, तूच वाचवलंस. चहा टाकू?"

"माझा निर्जळी उपास आहे रे, मेल्या."

कालची कॉपी टोपलीतून बाहेर आली, हिरवी पट्टी भरली आणि देवळाचा कळस दिसला. माड, गोठा, पडवी, सगळं जागेवर. नव्हती फक्त जाईबाईंची विहीर. ती काल संध्याकाळी बांधलेली, म्हणजे कॉपी काढल्यानंतरची. आकांक्षाला तर पडदा लावायला मांडवात जायचं होतं.

"आई, तुम्हीच बांधा. मी दाखवते."

मी पहिल्यांदाच वाडीत शिरले. घशाला कोरड, आणि मी विहिरीत पाणी ओतत होते. दोनदा तोल जाऊन आत पडले, देवाचं नाव घेत वर आले. संध्याकाळच्या पूजेआधी काठ पूर्ण झाला.

चतुर्थीला मांडव भरला. पडद्यावर एसटीचा थांबा आला, पायवाट आली, आणि माणसं नावं घेऊन ओरडायला लागली, "आमचं घर! आमचं घर!" जाईबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांची पडवी आली, तसा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग पदर खाली आला.

"गो सरोजिनी, बाव डाव्या हाताक कित्याक? माझी बाव उजव्या हाताक!"

"परवा तर तुम्हीच डावीकडे सांगितलीत, जाईबाई!" आकांक्षा माईकवरूनच म्हणाली.

"परवा माका चष्मो नाय होतो!"

सगळा मांडव हसला. आकांक्षाने विहीर हलवायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला.

"आधी कॉपी काढ," मी हळूच म्हटलं. "आणि कालची राहू दे तिथेच."