सपाट केलेलं रान

"ऐकलास ना पाखरांचा कल्लोळ? मग पाटी कुठं ठोकायची तेवढं सांग," वॉली म्हणाला. हातोडी त्यानं येतानाच कमरेला खोवून आणली होती.

जॅसिंटानं दुर्बीण गळ्यात सोडली. आसपासच्या रानांतली पाखरं मोजायचं काम तिच्याकडं होतं. ज्या रानात नाना तऱ्हेची पाखरं, ते रान धडधाकट. आणि यंदा अशा एका रानाला नाव द्यायचं, पाटी लावायची, असं गावानं ठरवलं होतं. वॉलीच्या मनात नाव एकच होतं. बेरिल, त्याची बायको. इथली झाडं तिनं लावली, पाणी त्यानं घातलं. ती गेली, झाडं मात्र वाढत राहिली.

"वॉली, हे सगळे मायनरच आहेत हो."

"मग? मायनर म्हणजे पाखरं नव्हेत?"

"पाखरंच. इथलीच. पण दुसरं एकही नाही."

डोक्यावर ते करडे, पिवळ्या चोचीचे मायनर झाडाझाडावरून ठणाणा करत होते. दुखण्यात पडल्या पडल्या बेरिल हेच ऐकायची. 'बघ वॉली, माझी जत्रा भरली,' म्हणायची.

"घरात गजबज आहे म्हणून घर बरं असतं असं नाही," जॅसिंटा जपून म्हणाली. "एकाच दांडग्या कुटुंबानं बाकीच्यांना हुसकून दिलं असलं तर? बारकी पाखरं गेली, की पानं खाणारे किडे मोकाट सुटतात. ते शेंडे बघा."

शेंडे वाळले होते. वॉलीनं ते कमी पावसाच्या नावावर खपवलं होतं.

"पण मी काय कमी केलं गं?" त्याचा आवाज चढला. "दर रविवारी गवत कापतो. पडलेली फांदी पडून राहू देत नाही. काटेरी झुडपं तर मुळासकट उपटली, तिचे हात ओरबाडायची म्हणून."

"तेच तर," जॅसिंटा ओशाळून म्हणाली. "बारक्यांना लपायला जागाच उरली नाही."

वॉलीला काही उमजेना. जन्मभर त्यानं कौन्सिलचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. खाच दिसली की भरायची, उंचवटा दिसला की खरवडायचा. वॉलीच्या रस्त्यावरून भरला कप न सांडता न्यावा, असं लोक म्हणत. झाडाखालची जमीनही त्यानं तशीच राखली होती, मायेनं हात फिरवावा तशी. आणि मायेनं झाड सुकतं?

"चला, एक मोजून झालेलं रान दाखवते," ती म्हणाली.

रान कुणाचं, तर कुंपणापलीकडच्या क्लॅरीचं! क्लॅरीनं आयुष्यात काडी उचलली नव्हती. गुडघाभर गवत, कुजके ओंडके, काटेरी जाळ्या आणि मधोमध एक गंजका ट्रक.

"या, या, राजेसाहेब!" क्लॅरी ओरडला. "बूट पुसून ये हां, माझा गालिचा मळेल!"

एवढ्यात ट्रकच्या फुटक्या खिडकीतून शेपटी उभारून एक निळा रेन, चिमणीहून बारकं पाखरू, बाहेर आला, मागोमाग त्याचा फिकट तपकिरी गोतावळा. ओंडक्यावर लाल छातीचा रॉबिन. जाळीत कुणी शीळ घाली, कुणी टिकटिक करी. सुराला सूर सोबती, कुणाचा कुणाला अडसर नाही.

"ह्यानं केलं तरी काय?" वॉलीनं विचारलं.

"काही नाही," जॅसिंटा म्हणाली.

"आळस केला," क्लॅरी छाती फुगवून म्हणाला. "त्यालाही अंगात गुण लागतो, गड्या." मग जरा खालच्या आवाजात, "बेरिल यायची की इथं. त्या ट्रकच्या पायरीवर बसून रेन बघायची. बोलली नाही तुला?"

"नाही."

"वॉलीला वाईट वाटेल, म्हणायची."

वॉली त्या पायरीकडं बघत राहिला. मग ती जत्रा? ती खरी होती, की त्याच्यासाठी म्हटलेली? विचारायचं कुणाला?

त्यानं कमरेची हातोडी काढून क्लॅरीपुढं धरली. "घे. पाटी इथंच लागणार. तुझ्या घरी हातोडी सापडायला पावसाळा जाईल."

क्लॅरी हसला नाही. "तुला काही हवंय का इथलं?"

"ते कुजके ओंडके," वॉली म्हणाला. "आणि काट्यांची चार रोपं."

दुपारी त्यानं ट्रेलर झाडांखाली नेला. वर मायनर शिव्या घालत होते. एकेक ओंडका कुशीत घेऊन तो उतरवत गेला. सगळे उतरवून मागं सरला, तर ओंडके अगदी ओळीत, एका अंतरावर, रस्त्याकडेच्या दगडांसारखे मांडलेले.

बराच वेळ तो बघत राहिला. मग बुटाच्या टोकानं त्यानं एक ओंडका तिरका केला. ठीक दिसतंय का, त्याला कळेना. त्यानं दुसऱ्याला पाय लावला.