आप्पासाहेबांच्या बांधाचा स्लोप

समर्थचा हा सहावा डेमो, म्हणजे नोकरीसाठी शिकवून दाखवायचं. आधीच्या पाच ठिकाणी 'कळवतो' म्हणाले होते आणि अजून कळवतच होते. त्यात सकाळी पारनेरहून निघायच्या आधीच आईनं गल्लीभर सांगून टाकलं होतं की पोरगं सोमवारपासून सोनईला सर म्हणून लागलं. म्हणजे आज नोकरी मिळाली नाही, तर गल्लीत शिरायचं कसं हाच प्रश्न होता.

सोनईच्या अलीकडं रस्त्याला लागूनच आप्पासाहेबांनी स्पर्धा परीक्षांच्या क्लाससाठी नवा हॉल बांधला होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता. डेमो म्हणजे आत चार पोरं बसतील असं समर्थला वाटलं होतं. पण चहा-वडा आहे म्हटल्यावर अर्धं गाव आलं. बाकांवर पोरं, मागं पालक, पालकांच्या मागं ज्यांना पोरंच नाहीत असे. आप्पासाहेब पुढं खुर्चीवर, मांडीवर नेमणुकीचं पत्र. टाईप झालेलं होतं, फक्त सही राहिली होती. समर्थची नजर सारखी त्या पत्रावर. हातात खडू, तो या बोटातून त्या बोटात. पाय तर फळ्यासमोर उभ्या उभ्याच चालत होता.

"टॉपिक काय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"डेटा सफिशियन्सी. रेषेचा स्लोप आणि इंटरसेप्ट."

"मराठीत बोल, सर."

"स्लोप म्हणजे रेषेचा चढ. इंटरसेप्ट म्हणजे ती उभ्या अक्षाला कुठं कापते ते. प्रश्न एक असतो, खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. या माहितीवर उत्तर निघेल का, एवढंच सांगायचं."

मागं चुळबुळ सुरू झाली. उत्तर काढायचं नाही, मग पोरांना पाठवायचं कशाला?

समर्थनं पर्याय सांगितले. पहिल्या विधानावर निघतं, दुसऱ्यावर निघतं, दोन्ही मिळून निघतं, कुठल्याही एकावर निघतं. आणि पाचवा, दोन्ही मिळूनही निघत नाही. या पाचव्या पर्यायावर आमच्या भागात आजवर कुणी टिक केलेली नाही. आमच्याकडं माहिती जेवढी कमी, तेवढं उत्तर ठाम.

त्यानं फळ्यावर लिहिलं : रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या वर कापते का? एक, रेषेचा चढ धन आहे. दोन, रेषा उणे तीन, दोन या बिंदूतून जाते.

"नुसता चढ कळून भागत नाही. चढती रेषा कुठूनही जाईल. नुसता बिंदू कळूनही नाही, त्यातून रेषा खालीही उतरेल. पण दोन्ही एकत्र घ्या. अक्षाच्या डावीकडं रेषा आधीच दोनच्या उंचीवर आहे, आणि उजवीकडं जाताना चढतीय. म्हणजे अक्षापाशी पोचेपर्यंत ती दोनच्याही वर. दोन्ही मिळून पुरेसं!"

"बरं," आप्पासाहेब म्हणाले, "मग कुठं कापते?"

"ते माहीत नाही."

"मग सुटलं कसं?"

"वर कापते हे नक्की आहे ना."

"वर म्हंजी किती? पाचावर? सातावर?"

"सर, ते विचारलेलंच नाही."

"म्हंजी तुला येत न्हाई." आप्पासाहेब मागं वळले. "एमेस्सी हाय म्हनं."

लोक हसले. समर्थच्या पायानं वेग घेतला. आप्पासाहेबांनी पत्राची घडी घातली, ती उलगडली, परत घातली. मग एकदम म्हणाले, "हे उणे तीन, दोन आपल्याला न्हाई कळत. माझी रेघ सांग. माझा बांध."

मागच्यांनी चहाचे कप खाली ठेवले. कारण तिसऱ्या बाकामागं सहादेव बसले होते. सहादेव म्हणजे आप्पासाहेबांचे थोरले चुलतभाऊ. दोघांच्या मधला बांध नांगरता नांगरता गेला, त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून कोर्टात तारखा चालू होत्या. पण पहिला महिना क्लास फुकट होता, म्हणून सहादेव नातीला घेऊन आले होते. भांडण भांडणाच्या जागी, शिक्षण शिक्षणाच्या जागी.

"पहिलं विधान," आप्पासाहेब म्हणाले, "बांध चारीला समांतर हाय. कालव्याची चारी बघितलीस न्हवं येताना? दुसरं, बांध रस्त्याला काटकोनात येतो. हे दोन्ही बाजू मानतात. इचार त्यांना."

"मानतो की," सहादेव म्हणाले.

समर्थनं फळ्यावर रस्ता काढला, चारी काढली, रस्त्यालगत हॉलचा चौकोन काढला. मग थांबला.

"सर, चारीसुद्धा रस्त्याला काटकोनातच आहे. म्हणजे तुमची दोन्ही विधानं एकच गोष्ट सांगतात. चढ कळला, म्हणजे दिशा; जागा नाही कळली. असे बांध एकाला लागून एक हजार काढता येतील. उत्तर पाचवं. माहिती अपुरी."

झालं, हाही डेमो गेला, असं मनाशी म्हणत त्यानं खडू ठेवायला हात खाली नेला. पण आप्पासाहेबांचा चेहरा फुलला होता.

"वा! ह्येला म्हंत्यात शिक्षण! आमचा वकील बी ह्येच म्हनतो. बांध ठरतच न्हाई. आन् ठरत न्हाई तवर ताबा ज्याचा, जमीन त्याची!" त्यांनी खिशातून पेन काढलं. "सोमवारी ये. आन् हे पाचवं उत्तर मला तेवढं लेखी दे."

पेनाचं टोपण निघालं. समर्थचा पाय पहिल्यांदाच थांबला.

"लेखी कशाला?" सहादेव उठले. "उद्या म्हनशील इहीर बी तुझी एकट्याची!"

"इहिरीचं नाव काढायचं न्हाई!"

"का न्हाई काढायचं?" सहादेवांच्या बायकोनं, रंगुबाईंनी मागून आवाज दिला. "भावजी, मी लगीन करून आले तवाच तुमच्या आईनं सांगितलं हुतं, रंगे, तुझी घागर त्या अंगानं सोड, ह्ये अंग आमचं. निम्मी इहीर आमची हाय."

"निम्मी तुमची, मग निम्मी माझी न्हाई का?" आप्पासाहेब ताडकन उभे राहिले. पाण्याचा विषय निघाला की त्यांना बाकी काही दिसत नसे. "बांध इहिरीच्या बरुबर मधून गेल्ता! मधून! म्हनून तर सोमवार ते बुधवार पानी माझं! ह्ये मी कोर्टात बी सांगीन!"

समर्थच्या हातातला खडू वळवळला.

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. हॉलच्या मागं विहीर होती. गप्प बसायचं. फक्त गप्प बसायचं होतं. आप्पासाहेबांनी उभ्यानंच पत्र तळहातावर धरलं होतं, पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं, 'आप्पासा' एवढं लिहूनही झालं होतं. त्यानं ओठ दाबले. हात मागं बांधले. आईचा चेहरा आठवला. पाय पुन्हा चालायला लागला. पुढची अक्षरं उमटायच्या आत त्याच्या तोंडातून निघून गेलं :

"पॉइंट मिळाला!"

"काय?"

"सर, तुम्ही आत्ता पॉइंट दिला! विहिरीचा मध्य! चढ होता, बिंदू नव्हता. चढ आणि एक बिंदू मिळाला की रेषा एकच. एकच! माहिती पुरेशी आहे!"

आणि फळ्यावर त्यानं विहीर काढली, विहिरीच्या मधून चारीला समांतर रेघ ओढली, सरळ रस्त्यापर्यंत. रेघ रस्त्याला लागायच्या आधी हॉलच्या चौकोनात शिरली आणि मधोमध पलीकडं निघाली.

मग सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. विहीर, खिडकी, तिसरा बाक, दार, रस्ता.

तिसऱ्या बाकावर सहादेवांची नात निकिता बसली होती. तिनं हळूच पाय वर घेतले. "सर, मी कुणाच्यात बसलीय?"

"डावा पाय आप्पासाहेबांच्यात," समर्थ म्हणाला. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं, ही त्याची जुनी खोड.

सहादेव खुर्चीपाशी गेले. खुर्ची उचलली, रेघेच्या उजव्या अंगाला आणून ठेवली आणि वडा खात बसले. रंगुबाईंनी उजव्या बाजूचा पंखा बंद केला. "आमच्या भागात थंडी वाजती," म्हणाल्या.

"पूस ते!" आप्पासाहेब ओरडले.

समर्थनं डस्टर उचललं. पण तोवर तीस मोबाईल वर झाले होते आणि रेघ गावाच्या ग्रुपवर पोचली होती.

आप्पासाहेबांनी पत्राचे चार तुकडे केले. "इहिरीचं मी बोललोच न्हाई," त्यांनी सभेला सांगितलं. सभेनं मान हलवली आणि दुसरा वडा घेतला.

समर्थ बाहेर आला. मोटरसायकलला किक मारली, लागेना. दुसरी मारली. तिसऱ्या किकला मागं बघतो तर आठ-दहा माणसं उभी. पुढं फेटेवाला एक म्हातारा, हातात सातबारा.

"सर, आमच्या बांधाचं बी बघा की. माझ्याकडं दोन न्हाई, धा गोष्टी हायेत."

"धाच्या धा एकच असतील, बाबा."

"माझ्याकडं पॉइंट हाय," मागून एकजण म्हणाला. "चढ न्हाई."

"चढ माझ्याकडनं घे," तिसरा म्हणाला.

समर्थनं गाडी स्टँडला लावली. खडू हातातच राहिला होता. "मी उत्तर देणार नाही," तो म्हणाला. "शिकवीन. शिकून ज्याचं त्यानं काढायचं."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. "शिकवा. पर रोज या."

"सोमवारपासून येतो. नऊ वाजता." हे तो इतक्या घाईनं बोलला, की म्हातारा दचकला.

"या. पर बसायचं कुठं?"

"तुमच्यापैकी कुणाच्याही वावरात बसू की."

सगळे एकेक पाऊल मागं सरकले. एकाच्या वावरात बसलं, तर दुसऱ्याला ते वावर पहिल्याचंच आहे असं मानावं लागणार.

"मग इथंच, रस्त्याच्या कडेला," समर्थ म्हणाला. "रस्ता तरी सरकारचा आहे."

"सरकारचा?" म्हातारा सातबारा उलगडत पुढं आला. "सरकारचा कुठनं आला, सर? ह्यात माझा दीड गुंठा गेलाय."