बिबड्यांच्या कागदाला दाखवलेलं ऊन

मी बिबड्यांचा कागद बोलतोय. कागद म्हणायचं आपलं, मी आहे प्लॅस्टिकचा. पण धरणगावात भिकुबाईच्या घरी मला सगळे कागदच म्हणतात. आता तर मलाही कळेनासं झालंय की मी चांगला होतो की वाईट. सांगताना माझा गोंधळ उडाला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म शहाऐंशी सालचा, जळगावच्या एका कारखान्यातला. पांढरे दाणे वितळवून त्यांचा भलामोठा फुगा फुगवतात, तो वर नेऊन चपटा करतात, की झालो आम्ही. पण नुसत्या दाण्यांनी भागत नाही. थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काहीतरी निसरडं घालतात, ते हळूहळू अंगावर येतं. शेतावरच्या कागदात काजळी मिसळतात, तो काळाकुट्ट होतो. काहींत उन्हाचं औषध घालतात, ते जरा पिवळट दिसतात. माझ्यात निसरडं तेवढं पडलं, बाकी काही नाही. त्यामुळे मी अगदी नितळ होतो, आणि मला त्याचा भारी तोरा होता!

मशीनवर भिकुबाईचा धाकटा भाऊ लोटन कामाला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखाजीला खानदेशात सासरी नांदणाऱ्या लेकी माहेरी जातात, आणि त्यांना न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. लोटन आला तो मला काखेत मारून.

भिकुबाईने मला उलगडून उजेडात धरलं. "भाऊ, हाऊ कागद शे का काच?"

"तुना बिबडासले आना अक्का. खावानी वस्तू शे, म्हनीसन बिगर औषधना लई उनू." खायची वस्तू म्हणून त्याने औषध न घातलेला कागद मुद्दाम निवडला होता.

बिबडे म्हणजे शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे, तीळ-लसूण घातलेले मोठाले पापड. पुढच्या उन्हाळ्यात भिकुबाईने ते माझ्यावर थापले. वाळले की नुसतं बोट लावलं तरी सुटून यायचे. शेजारणी बघायला यायच्या आणि भिकुबाई म्हणायची, "मना भाऊनी दियेल शे." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तिने मला जपलं, ते मात्र तिच्या पद्धतीनं. तिच्या घरात जे टिकवायचं त्याला ऊन दाखवायचं, हा नेमच होता. डाळींना ऊन, गोधड्यांना ऊन, लोणच्याच्या बरणीलासुद्धा ऊन. डाळीला पोरकिडा लागत नव्हता, गोधडीला वास येत नव्हता. मग कागदानं काय घोडं मारलंय? बिबडे झाले की ती मला घासून धुवायची आणि आठ-आठ दिवस गच्चीवर पसरायची. वैशाखातलं ऊन ते! मला वाटायचं, मी पक्का होतोय. खरं तर मी आतून मोडत होतो, पण ते कळायला मला कुठं अक्कल होती?

तिसऱ्या उन्हाळ्यात माझी नितळाई गेली. पूर्वी ओढलं की मी ताणायचो, आता कुरकुरायला लागलो. बिबडे चिकटू लागले. घडीच्या जागी बारीक टवके निघायचे. भिकुबाईची नजर अधू झाली होती, तिला ते दिसले नाहीत. मला जाणवत होते, पण मी ओरडणार कसा?

त्याच वर्षी दिवाळीनंतर लोटनच्या मुलीचा साखरपुडा ठरला. आत्याने, म्हणजे भिकुबाईने, हौसेने दोनशे बिबडे पाठवले. तळलेला बिबडा खाताना नवऱ्या मुलाच्या मामाच्या दाताखाली काहीतरी आलं. त्यांनी ते बोटांवर काढून चारचौघांत दाखवलं. तो मी होतो. लोटनची बायको कुंदाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "बिबडा करता येत नही त कसाले धाडना?" साखरपुड्याला आलेली भिकुबाईही गप्प बसली नाही. "तुना नवरानाच कागद शे तो!"

साखरपुडा पार पडला, पण बोलणं तुटलं. पुढच्या आखाजीला मुराळी आला नाही. भिकुबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. आखाजीला बांधलेले झोके रिकामे झाले, माहेरवाशिणींची गाणी थांबली, तेव्हा ती उठली. त्या उन्हाळ्यात तिने बिबडे घातलेच नाहीत. मला ऊन मात्र दाखवलं. का, ते मला आजही समजत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी लोटन दारात उभा राहिला. पाचोऱ्याच्या एका शेतकऱ्याने चुरा झालेला कागद कारखान्यात परत आणला होता. तेव्हा साहेबाने सांगितलं, औषध नसेल तर ऊन कागदाला खातं. लोटनला वाटत होतं, औषध फक्त बारा महिने उघड्यावर पडणाऱ्या कागदाला लागतं.

त्याने मला मागितलं. हातात घेतलं आणि कोपऱ्याला अंगठा लावला, तर अंगठा आरपार गेला.

"अक्का, येले उनमा ठेवे का?"

"दर सालले ठेवू. टिकाले पाहिजे ना, म्हनीसन."

लोटनने मला खाली ठेवलं, तसा मी तुकडे होऊन जमिनीवर पसरलो. "मनी चूक शे अक्का. खावानी वस्तू शे म्हनीसन मीच बिगर औषधना लई उनू."

"आनि ऊन कोनी दखाडं? मी ना?"

दोघं आपापल्या अंगावर चूक ओढत राहिले. मी ऐकत होतो आणि माझं डोकं चक्रावलं होतं. त्याने मायेने औषध टाळलं, तिने मायेने ऊन दाखवलं, आणि दोघांच्या मायेत मी फुटलो. मग दोष द्यायचा कुणाला? मला ठरवता येत नाही, तुम्हाला येत असेल तर ठरवा.

माहेरी जायच्या एस.टी.ची वेळ झाली. लोटन म्हणाला, "फेकी दे तो, दुसरा देस तुले." भिकुबाईने ऐकलं नाही. ती जमिनीवर बसून माझे तुकडे एकेक करून वेचू लागली. "गायी खातीन," म्हणाली. मग, त्याच्याकडे न बघता, "आनि तुना हातना शे."

लोटन तिच्या शेजारी बसला आणि तोही वेचू लागला.

आता मी पत्र्याच्या डब्यात आहे. एक विनंती करतो. आमच्यासारख्यांवरून माणसामाणसांत बिनसलं, तर भांडायच्या आधी आम्हाला एकदा हातात घेऊन बघा. आम्हाला बोलता येत नाही. लोटनने बघितलं, पण तोवर भिकुबाईची एक आखाजी ओट्यावर बसून गेली, ती कुणाला परत देता आली नाही.