दिवसाउजेडी बाजेवर कोण बसतं?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी एक कुरकुरी, जुनी बाज आहे. कुणी बसलं की मी कुरकुरते, उठलं तरी कुरकुरते, आणि कुणी फिरकलंच नाही तर आतल्या आत कुरकुरते. स्वस्थ पडून राहणं माझ्या लाकडातच नाही. त्यातून गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडलं, ते आठवलं की आजही माझ्या दोऱ्या ताणतात.

माझं घर अंजूरला, खाडीच्या अंगाला. सुतारानं माझे सागाचे चार पाय ठोकून ठाकठीक केले आणि विठूनं स्वतः काथ्याच्या दोरीनं मला विणलं. विठूची बायको मैना तेव्हा नवी नवरी होती. दिवसभर मी अंगणात, उन्हात असायची. माझ्यावर मिरच्या वाळल्या, सुकट वाळली, पाहुणे पसरले, पोरं नाचली. "काय मजबूत बाज हाय!" असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि मी फुशारून जायची.

पण मैना दिवसा माझ्यावर कधी म्हणून टेकली नाही. आमच्याकडे राबणारी बाई दिवसाउजेडी बाजेवर बसत नाही. बसली तर ती आजारी तरी असते, नाहीतर आळशी तरी. मैनाला ही दोन्ही नावं नको होती.

पुढे शेतं गेली आणि गोदामं आली. आमच्या अंगणाला खेटून पत्र्याची उंचच उंच भिंत उभी राहिली आणि अंगणातलं ऊन बंद झालं. मला आतल्या खोलीत ढकललं. माझ्यावर गोधड्यांचा ढीग आला, ढेकूण आले, कोळिष्टकं आली. मैना दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला लागली. उजाडता रिक्षा धरायची, दिवसभर ट्यूबलाइटखाली खोक्यांना चिकटपट्ट्या मारायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. सुट्टीच्या दिवशी घरातलीच कामं. वर्षानुवर्षं भातात राबलेल्या या बाईला ऊन म्हणून लागेना, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग तिची हाडं ठणकू लागली. मांड्यांत ताकद उरली नाही. जमिनीवरून उठताना ती भिंत धरायची. सर्दी-खोकला तर घरजावयासारखा मुक्कामालाच आला. साखरेच्या आजाराची गोळी आधीपासून चालूच होती.

आणि नेमकं त्याच वर्षी तिच्या नातीचं, दिशाचं लग्न ठरलं. मित्रांनो, मैना आमच्या गावची धवलारीण आहे. लग्नाच्या विधींना जी गाणी लागतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. पंचक्रोशीतली किती लग्नं तिच्या गळ्यानं लागली, आणि मांडवात ती कधी बसून गायली नाही. ताठ उभी राहायची, खणखणीत आवाज लावायची. सगळ्या गावाच्या पोरींसाठी गायली, आता स्वतःच्या नातीसाठी गायची वेळ आली तर पायच साथ देईनात. तिचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

सून हेमालीनं तिला धामणकर नाक्याजवळ डॉक्टर निवेदिता यांच्याकडे नेलं. घरी आल्यावर हेमालीनं माझ्यासमोरच विठूला सगळं सांगितलं. "रक्तात ड जीवनसत्त्व लय कमी हाय. त्याच्याबिगर हाडं कमजोर पडतात, आजाराशी लढायची ताकदबी कमी होते. आठवड्याला एक गोळी दिलेय. आणि अकराच्या सुमाराला अर्धा तास उन्हात बसायला सांगितलंय, हातपाय उघडे ठेवून."

"कुठं बसू?" मैना उसळली. "अंगणात ऊन हाय का? रस्त्यावर बाज टाकून बसू? लोक म्हणतील, मैना खाटेला लागली!"

मी आतून कळवळून ओरडले, "अगं, ने मला बाहेर!" पण बाजेची कुरकुर कोण समजून घेणार?

तिच्या गोदामातली मैत्रीण हौसा तिला बघायला आली. तिनं तर आगीत तेलच ओतलं. "ही गोळी लय जोरदार हाय बघ! मोबाइलवर आलंय. साखर जाते, दमा जातो, समदं जातं."

"आठवड्याला एकच दिलेय गं."

"डॉक्टर लोक बेतानंच देतात. विटामिनच तर हाय, विष हाय का?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून मैना रोज एक गोळी घेऊ लागली. पाकीट संपलं की रिकामं पाकीट एका मेडिकलात दाखवायची आणि नवं आणायची. रिकामी पाकिटं कुठे लपवायची, तर माझ्या उशाकडच्या दोऱ्यांत, गोधडीखाली! मला तर सुया टोचल्यासारखं व्हायचं. घरात सगळं कळणारी मी एकटी, आणि मलाच तोंड नाही. सांगा, कशी स्वस्थ राहू?

आधी तिला बरं वाटलं. मग भूक गेली. पोट साफ होईना. घशाला सारखी कोरड पडायची, तांब्यावर तांबे पाणी प्यायची. उलट्या सुरू झाल्या. "मांडवात उभं ऱ्हायचं हाय मला," म्हणत ती रोज सकाळी धवल्यांची उजळणी करायची, पण एका सकाळी अर्ध्यातच थांबली. शब्द आठवेनात. दिशा पाणी घेऊन आली, तर मैनानं तिच्याकडे बघून विचारलं, "तू कुणाची गं?"

पोरगी रडत बाहेर पळाली. "म्हातारपण हाय, दुसरं काय," विठू म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मला तर वाटलं, चारही पाय मोडून खाली कोसळावं, म्हणजे निदान कुणी वाकून बघेल तरी!

लग्नाचे पाहुणे यायचे होते म्हणून हेमालीनं ढेकूण काढायला मला बाहेर ओढलं. भिंतीच्या सावलीबाहेर, रस्त्याच्या कडेला, उन्हात. किती वर्षांनी ऊन लागलं मला! तिनं मला आडवी केली आणि काठीनं बडव बडव बडवलं. मार हेमाली, अजून मार! ढेकूण पडले, धूळ पडली आणि पाठोपाठ पाकिटं पडू लागली. एकामागून एक, एवढी की हेमाली काठी टाकून खालीच बसली.

"बया गं! आई, हे काय केलंत?"

पाकिटं पदरात गोळा करून, मैनाला रिक्षात घालून ती थेट दवाखान्यात पोहोचली. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. काही दिवस सलाईन चाललं. घरात मला कुणी आत घ्यायचंही विसरलं. मी रस्त्यावर पडून प्रत्येक रिक्षाच्या आवाजाला दचकत होते.

मैना शुद्धीवर, ताळ्यावर आली आणि घरी आली. डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तिनं स्वतःच हौसाला ऐकवलं. "जादा झालेलं हे विटामिन अंगातच साठतं, लघवीवाटे निघून जात न्हाय. रक्तात कॅल्शियम वाढतं, डोकं फिरतं, मूत्रपिंडं जातात. आणि साखर जाते म्हणालीस ना? साखर न्हाय जात त्यानं. कमी असंल तर भरून काढायचं, एवढंच त्याचं काम. शेतात युरिया जादा पडला की भात लोळतं, ठावं होतं की मला! तरी केलं. पायांसाठी येडी झाले होते गं मी."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजंच चुकलं," ती म्हणाली.

हळदीचा दिवस आला. मैनाला दहा पावलं चालवेना. विठूनं मला उचलून मांडवात, अगदी मधोमध ठेवलं. मैनानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. दिवस चांगला वर आलेला, सगळं गाव जमलेलं.

"बसून धवला म्हणत न्हाय मी," ती म्हणाली. "दिशासाठी तर न्हायच."

हळदीच्या पाटावरून दिशा म्हणाली, "आजी, त्या दिवशी तू मला वळखलं न्हाईस. आज वळखतेस ना? मग मला बाकी काय बी नको. बस तू."

मैना माझ्यावर बसली. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भर दिवसा, साऱ्या गावासमोर! आवाज आधी कापला. एका ओळीत शब्द अडला, तो हौसानं पुढे सरकून पुरवला. मग मात्र धवला असा लागला की वाजंत्रीवाले हात थांबवून ऐकत राहिले. मी मुळीच कुरकुरले नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी कुरकुरलेच, आणि कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही.

आता मैनाचं रक्त ताळ्यावर आहे. डॉक्टरांनी पुन्हा उन्हाची परवानगी दिल्यापासून सुट्टीच्या दिवशी अकराला मी रस्त्याकडेला असते आणि मैना बाह्या वर सारून माझ्यावर बसते. जाणारे-येणारे विचारतात, "काय मैनाबाय, बरं न्हाय का?" ती म्हणते, "बरी हाय, म्हणूनच बसलेय."

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. औषधाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्या, आणि घरातल्या बाईला आजारी पडण्याआधीच उन्हात बसायला सांगा. ती नको म्हणेल. तुम्ही बाज बाहेर टाका आणि आधी स्वतः बसा.