सुक्या बनियनची तार

ऑक्टोबरच्या उन्हात शहाणं माणूस स्वेटरचं नावही काढत नाही. पण त्या रविवारी सकाळी नाथाच्या मोटारसायकलवर त्याची लेक किमया मागे बसली ती अंगाबरोबरचं थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर पिसांचं जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि पाठीला सॅक अशा थाटात. दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला, हौसाला, हसू आवरेना.

"काय गो, लगनाला चाललीस का शेतात बुजगावनं म्हनून?"

"हस, हस. जानेवारीत बर्फातला फोटो धाडीन, तवा बघ."

"बापानं सही केली तर ना!" हौसा म्हणाली.

घोडं तिथेच पेंड खात होतं. किमया रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिथल्या गिर्यारोहणाच्या गटातून जानेवारीत उत्तराखंडच्या बर्फात जायला सहा जणांची निवड झाली, त्यात तिचं नाव आलं. बूट आणि सॅक तिनं अवचितगड तीनदा चढून पारखून घेतले होते. कपडे मात्र गटाचे, चार वर्षं याच्या-त्याच्या अंगावर फिरलेले. ते थंडीत टिकतात की नाही हे कोकणात कळायचं कसं? शिवाय पालकांच्या सहीचा फॉर्म सोमवारी द्यायचा होता. सही नसेल तर सातवी मुलगी सॅक भरून बसलेलीच होती.

थंडी कळायची एकच जागा नाथाला ठाऊक होती. तो मिठागरवाल्यांच्या घरातला, पण गेली बावीस वर्षं पेणजवळ खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. तिथे मासळी साठवायची एक खोली होती, उणे अठरा अंशांची. कामगार तिला नुसतं 'कोल्ड' म्हणत. नाथानं अट घातली होती, "आमच्या कोल्डमंदी एक तास ऱ्हा. ऱ्हायलीस तर सही करतो. नाय तर इषय बंद." किमयानं लगेच टाळीला हात पुढे केला. टाळी देताना नाथा म्हणाला, "अन् कपडं घरूनच घालून ये. तिथं बायांना बदलाय जागा नाय."

हे किमयाला पटलंही. कारखान्यात सगळे पुरुष, बाईमाणूस औषधालाही नव्हतं.

पाऊण तासाच्या रस्त्यावर पोरीची पार शोभा झाली. फाट्यावरच्या चहावाल्यानं "शेकोटी पेटवू का?" म्हणून हाक मारली, आणि सिग्नलला एका आजीनं बिचारीला ताप आलाय असं समजून लिंबाचं सरबत प्यायला सांगितलं. कारखान्यात उतरली तेव्हा किमयाच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. नाथाबरोबर काम करणारा धनेश तिच्याकडे बघतच राहिला.

"नाथादा, ही अशीच आत..."

"तू टाकीकडं बघ जा," नाथानं त्याला मधेच तोडलं. धनेश गेला.

कोल्डच्या जाड दाराला वीतभर काच होती. किमया आत गेली आणि नाथा काचेला डोळा लावून बसला. पहिली दहा मिनिटं बाईसाहेब खुशीत होत्या. तिनं अंगठा दाखवला, मासळीच्या खोक्यांसमोर नाचूनही दाखवलं. वीस मिनिटांनी नाच थांबला आणि हात काखेत गेले. अर्ध्या तासाला दात वाजायला लागले. नाथानं खूण करून विचारलं, येतेस का? तिनं मान हलवली, नाही. पस्तिसाव्या मिनिटाला तिचे ओठ जांभळे दिसले तेव्हा त्यानं न विचारता दार उघडलं आणि तिला ओढून बाहेर उन्हात आणलं.

"जाकीटच भिकार आहे," ती कुडकुडत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी ऱ्हायले असते, बाबा."

नाथाला हायसं वाटलं. लपवण्यात काय अर्थ, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बापाच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. खिशातल्या फॉर्मची घडी त्यानं आणखी एकदा दुमडली.

चहा पोटात गेला तशी किमया सावरली. जाकीट काढून वाळत टाकायला जागा शोधत ती यंत्राच्या खोलीत शिरली. तिथे कॉम्प्रेसरची चांगलीच धग होती, आणि त्या धगीपाशी बांधलेल्या तारेवर सहा-सात बनियनं आणि पंचे ओळीनं टांगलेले होते. तेवढ्यात धनेश आला. पाठ करून त्यानं अंगातलं ओलं बनियन काढलं, पंच्यानं अंग खसाखसा पुसलं, तारेवरचं सुकं बनियन घातलं, वर स्वेटर चढवलं आणि कोल्डकडे निघाला.

"दादा, हे कशाला?" किमयानं विचारलं.

"कोल्डमंदी जायाचंय ना. घाम घेऊन गेलं तर तोच घाम आत जीव घेतो. पयल्या दिवशी तुझ्या बापानंच शिकवलं आमाला. सुक्या बनियनबिगर नाथादा कोनाला आत सोडीत नाय. एकदा मालकालाबी दारातून परत धाडला व्हता."

किमयानं स्वतःच्या थर्मलची बाही चिमटीत धरून पिळली. दोन थेंब लादीवर पडले. मग तिनं दारात उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं.

"बाबा, तू विसरलास ना?"

पोरगी भली. तिनं सुटायला आयतं दार उघडून दिलं होतं, नुसती मान हलवायचा अवकाश होता. नाथाच्या मनात ते आलंही.

"नाय," तो म्हणाला. "इसरलो नव्हतो."

किमयानं चिमटीतली बाही सोडून दिली.

"जागाबी व्हती," तो पुढे म्हणाला. "पलीकडच्या सामानाच्या खोलीला आतून कडी हाय."

किमयाचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजे मला नापास करायलाच आणलंस इथं? पाऊण तास, साऱ्या गावादेखत?"

नाथानं डावा हात पुढे केला. त्याची शेवटची दोन बोटं बधिर होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बर्फाची लादी पडली, असं त्यानं सांगितलं होतं.

"लादी नाय पडली. पयलं वरीस व्हतं. दिसभर लाद्या ओढल्या, घामानं निथळत व्हतो, हातमोजेबी भिजलेले. तसाच आत गेलो पंखा दुरुस्त कराया. बाहेर आलो तवा ही दोन बोटं माजी ऱ्हायली नव्हती." त्यानं ती बोटं दुसऱ्या हातानं वाकवून दाखवली. "तू जाशील, येशील. पन धा बोटं घेऊन येशील का, येवढंच डोस्क्यात बसलं, बघ."

किमयाचा राग गेला नव्हता, पण तिनं त्यातलं एक बोट हातात घेतलं आणि चिमटा काढला. नाथाला कळलंही नाही.

"कपडे सुकायला किती वेळ लागंल?"

"इथं तासभर."

"मग सुकू दे."

नाथानं आपल्या कपाटातला धुतलेला शर्ट-पँट तिला दिला. ती सामानाच्या खोलीत कपडे बदलेपर्यंत तो दाराकडे पाठ करून पहारा देत उभा राहिला, आणि तिकडे फिरकलेल्या दोघांना त्यानं हात करून परत पाठवलं. तासाभरात थर्मल, स्वेटर, मोजे सगळं तारेवर खडखडीत वाळलं. जाकिटाचं अस्तर त्यानं स्वतः उलटंपालटं करून गालाला लावून पाहिलं. मग ती पुन्हा आत गेली.

या वेळी तो काचेपाशी बसला नाही. दाराला पाठ लावून बसला आणि दर दहा मिनिटांनी दारावर थाप मारत राहिला. आतून थाप यायची. सहाव्या थापेनंतर त्यानं दार उघडलं.

"झाला तास?" किमयानं विचारलं. तिचे गाल गार होते, पण दात वाजत नव्हते. "नाकाचा शेंडा तेवढा गेलाय."

नाथानं खिशातून फॉर्म काढला. इतक्या घड्या पडल्या होत्या की मांडीवर धरून तळव्यानं सरळ करावा लागला. त्यानं सही केली. किमयानं ती नीट पाहून घेतली, मग यंत्राच्या खोलीत जाऊन तारेवरचं त्याचं बनियन काढलं आणि सॅकमध्ये घातलं.

"हे मी नेणार."

नाथा उठला आणि त्यानं तारेवरून आपलं आणखी एक काढून आणलं.

"दोन ने," तो म्हणाला. "एक अंगात असंल तवा दुसरं सुकाया पायजे."